प्रेषितांचे यजमान : हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.)



घराचे मोल ज्याचे घर सुटले आहे त्यालाच खऱ्या अर्थाने कळते. भाडेकराराची मुदत संपत आलेली, नव्या घराच्या अनामत रकमेची जुळवाजुळव होत नाही आणि दार ठोठवावे तर कोणाचे हे सुचत नाही, अशा रात्री काढणारी कुटुंबे आपल्या मोहल्ल्यातही असतात. त्यांची हकिगत ऐकून आपल्याला दया येते. परंतु दया येणे आणि दार उघडणे यांत मोठे अंतर आहे. ते अंतर ओलांडणाऱ्या एका सहाबींचे जीवन आज आपल्यासमोर ठेवावयाचे आहे. त्यांचे नाव आपण लहानपणापासून ऐकले आहे. त्यांच्या घराची गोष्ट मात्र पुन्हा एकदा शांतपणे वाचण्यासारखी आहे.

त्यांचे मूळ नाव खालिद बिन जैद. अबू अय्यूब ही त्यांची कुन्यत. यसरिबच्या खजरज कबील्यातील बनू नज्जार या शाखेत त्यांचा जन्म झाला. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे आजोबा अब्दुल मुत्तलिब यांची आई याच बनू नज्जारची होती. हिजरतीपूर्वी अकबा येथे ज्या यसरिबवासीयांनी प्रेषितांच्या हाती हात देऊन त्यांच्या रक्षणाची शपथ घेतली, त्यांत अबू अय्यूबही होते. शपथ घेणे सोपे नव्हते. मक्केतून हाकलल्या जाणाऱ्या माणसांना आपल्या गावात जागा देण्याची आणि त्यासाठी साऱ्या अरबस्तानाचे वैर पत्करण्याची ती तयारी होती.

इ. स. ६२२ मध्ये प्रेषित (स.) कुबा येथे काही दिवस थांबून यसरिबमध्ये आले. वाटेत प्रत्येक कुळातील लोक पुढे होत होते, उंटिणीचा लगाम धरून आपल्या घरी चलण्याची विनवणी करीत होते. कोणा एकाची निवड केली असती तर दुसऱ्याचे मन दुखावले असते. उंटिणीला अल्लाहचा आदेश आहे, तिला तिच्या वाटेने जाऊ द्यावे, एवढेच प्रेषितांनी सर्वांना सांगितले. ती चालत चालत बनू नज्जारच्या वस्तीत आली आणि एका मोकळ्या जागेवर बसली. तेथून सर्वांत जवळ घर होते अबू अय्यूब यांचे. त्यांनी सामान उचलले आणि घरात नेले.

दोन मजल्यांचे घर

आपण कदाचित मोठ्या हवेलीची कल्पना कराल. तसे ते नव्हते. घराला एक खालचा आणि एक वरचा मजला होता, आणि घरधनी काही धनाढ्य नव्हते. भेटायला येणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून प्रेषितांनी खालचा मजला पसंत केला. पती-पत्नी वर राहू लागले. पण आपण अल्लाहच्या प्रेषितांच्या डोक्यावर वावरतो आहोत, या विचाराने त्यांची झोप उडाली. दोघे भिंतीच्या कडेला अंग चोरून रात्र काढीत. एके रात्री पाण्याचा घडा फुटला. पाणी फटींतून खाली ठिबकेल या भीतीने दोघांनी आपली एकुलती एक पांघरायची चादर त्या पाण्यावर टाकली आणि सारे पाणी टिपून घेतले. शेवटी अबू अय्यूब यांनी आपल्या मनाची अवस्था सांगितली आणि प्रेषितांनी वर राहणे मान्य केले.

ती चादर ध्यानात ठेवा. पाहुण्याला जागा देणाऱ्या या घरात दुसरी चादर नव्हती. आपली गरज पूर्ण भागल्यानंतर उरलेले देणे म्हणजेच मदत, अशी आपली समजूत असते. अबू अय्यूब आणि उम्मे अय्यूब यांनी उरलेले दिले नाही. जे होते त्यातलेच दिले.

जेवणाचीही तीच रीत. घरी शिजलेले अन्न आधी पाहुण्यांकडे जाई आणि परत आलेल्या ताटात जेथे प्रेषितांच्या बोटांच्या खुणा दिसत तेथून हे दोघे जेवत. एकदा ताट न शिवता परत आले. अबू अय्यूब घाबरून धावत गेले. पदार्थात लसूण होता, तो निषिद्ध नव्हता, परंतु फरिश्त्यांशी होणाऱ्या संवादामुळे प्रेषित त्याचा वास टाळीत, असे त्यांना कळले. त्या दिवसापासून अबू अय्यूब यांनाही तो नकोसा झाला. आश्रय देणाऱ्याच्या मनात उपकाराची भावना सहज शिरते आणि मग आश्रिताला घासागणिक मिंधेपण जाणवू लागते. या घरात देणारेच अदब पाळीत होते.

प्रेषितांचा मुक्काम तेथे सुमारे सात महिने होता. दरम्यान उंटीण बसली होती ती जागा मस्जिदीसाठी ठरली. ती सहल आणि सुहैल या दोन अनाथ मुलांची होती. मुले ती विनामूल्य द्यायला तयार होती. प्रेषितांनी मात्र किंमत दिल्याखेरीज ती घेतली नाही. मस्जिद बांधताना दुर्बलाची जमीन फुकट घ्यायची नाही, हा धडा मदीनेच्या उभारणीत अगदी पायातच घातला गेला. पुढे मस्जिदीलगतच्या छप्पर घातलेल्या जागेत, म्हणजे सुफ्फामध्ये, ज्यांना घर नव्हते, नातलग नव्हते, असे लोक राहू लागले. अल्लाहच्या घराच्या छायेत बेघरांचा निवारा होता, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

भाऊ कोणाला म्हणावे?

प्रश्न एका पाहुण्याचा नव्हता. मक्केत घरदार, व्यापार, नातीगोती मागे टाकून कुटुंबेच्या कुटुंबे येत होती. प्रेषितांनी मुहाजिर आणि अन्सार यांच्यात बंधुत्व जोडून दिले. एका मुहाजिराचा हात एका अन्साराच्या हाती दिला गेला. अबू अय्यूब यांचे भाऊ ठरले मुसअब बिन उमैर (रजि.). मक्केतील श्रीमंत घरात लाडाकोडात वाढलेला हा तरुण इमान आणल्यामुळे सर्वस्वाला मुकला होता. मदीनेत इस्लामचा पहिला शिक्षक म्हणून तो आला आणि उहुदच्या रणांगणात शहीद झाला, तेव्हा त्याचे संपूर्ण शरीर झाकेल इतके कफनही मिळाले नाही.

या बंधुत्वाची आणखी एक बाजू आपण नीट पाहू या. अन्सारांनी आपल्या खजुराच्या बागा अर्ध्या अर्ध्या वाटून द्यायची तयारी दाखवली. प्रेषितांनी ते मान्य केले नाही. मुहाजिरांनी बागेत कष्ट करावेत आणि उत्पन्नात वाटेकरी व्हावे, असे ठरले. हजरत सअद बिन रबीअ (रजि.) यांनी आपली अर्धी मालमत्ता देऊ केली, तेव्हा हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी त्यांना दुआ दिली आणि फक्त बाजाराची वाट विचारली. पनीर आणि तूप विकून त्यांनी पुन्हा संसार उभा केला. पुढे खैबरनंतर हातात काही आले, तेव्हा मुहाजिरांनी अन्सारांची खजुराची झाडे परत केली. छप्पर मिळाले, काम मिळाले, सन्मान शाबूत राहिला आणि ऋणही फिटले. खचलेल्या कुटुंबाला आशा वाटू लागते ती अशी.

घर केवळ भिंतींनी राखले जात नाही, जिभेनेही राखले जाते. हजरत आयेशा (रजि.) यांच्यावर दांभिकांनी किटाळ रचले तेव्हा अबू अय्यूब आणि उम्मे अय्यूब यांनी आपापसांत बोलून ते साफ खोटे ठरवले. ज्या घराने प्रेषितांना निवारा दिला, त्या घरात प्रेषितांच्या कुटुंबाच्या बदनामीला जागा मिळाली नाही.

दिलेले घर परत मिळाले

बद्रपासून पुढच्या सर्व मोहिमांत अबू अय्यूब प्रेषितांसोबत होते. शव्वालच्या सहा रोजांची जी हदीस आपण दर वर्षी ऐकतो, ती त्यांच्याकडूनच आपल्यापर्यंत आली. हजरत अली (रजि.) यांच्या काळात ते मदीनेचे प्रशासकही होते. परंतु उतारवयात ते कर्जात सापडले. ज्याने आयुष्यभर दार उघडे ठेवले त्याच्यावरही अशी वेळ येऊ शकते. ते बसऱ्याला हजरत अब्दुल्लाह बिन अब्बास (रजि.) यांच्याकडे गेले. इब्ने अब्बास यांनी प्रेषितांसाठी अबू अय्यूब यांनी केले तसेच आपण त्यांच्यासाठी करणार असे म्हटले, आपले राहते घर रिकामे केले, घरातील वस्तूंसह ते त्यांच्या स्वाधीन केले आणि कर्ज फिटून उरेल इतकी रक्कम दिली. मदीनेतील त्या सात महिन्यांची आठवण कितीतरी वर्षांनंतर, दूरच्या शहरात, एका घराच्या रूपाने त्यांच्यापुढे उभी राहिली.

वृद्धापकाळी ते कुस्तुन्तुनियाच्या मोहिमेत निघाले. तेथे एक मुसलमान एकटाच शत्रूच्या फळीत घुसला आणि लोक म्हणू लागले की त्याने सूरह बकरातील आदेशाविरुद्ध स्वतःला विनाशात लोटले. अबू अय्यूब यांनी त्यांची समजूत दुरुस्त केली. ती आयत अन्सारांविषयी उतरली होती. इस्लामला बळ आल्यावर आता आपापल्या बागा आणि मालमत्ता सांभाळत घरी बसावे, असा विचार त्यांच्या मनात आला होता. अल्लाहच्या मार्गात झटणे आणि खर्च करणे थांबवून आपल्या मालमत्तेला कवटाळून बसणे, हाच तो विनाश, हे त्यांनी सांगितले. ज्याने आपले घर दिले त्यालाच हे सांगण्याचा अधिकार होता.

त्याच मोहिमेत ते आजारी पडले आणि सुमारे इ. स. ६७२ च्या सुमारास अल्लाहच्या दरबारी रुजू झाले. त्यांच्या इच्छेनुसार शहराच्या तटाजवळ त्यांचे दफन झाले. १४५३ मध्ये ते शहर उस्मानी सुलतानांच्या हाती आले आणि १४५८ मध्ये तेथे मस्जिद उभी राहिली. तिच्यासोबत मदरसा होता, आणि गोरगरिबांना अन्न देणारे लंगरही होते. इस्तंबूलचा तो भाग आजही अय्यूब यांच्याच नावाने ओळखला जातो. यजमानाच्या कबरीशेजारी भुकेल्यांसाठी चूल पेटावी, यापेक्षा समर्पक स्मारक दुसरे कोणते असणार?

प्रिय वाचकहो, आता आपण आपल्या घराकडे पाहू या. प्रेषित (स.) आता आपल्या दारी येणार नाहीत. त्यांच्या उम्मतीतील माणसे मात्र येतात. एखाद्या कुटुंबाला घर मिळत नाही कारण त्याच्यासाठी शब्द टाकणारे कोणी नसते. आपण तो शब्द टाकू शकतो. कोणाची अनामत रक्कम चार जण मिळून भरू शकतात. कुलूप लावून ठेवलेली एखादी खोली परगावाहून शिकायला आलेल्या मुलाला किंवा रुग्णासोबत आलेल्या नातलगांना काही दिवस देता येते. भाडे थकले म्हणून विधवेला बाहेर काढण्यापूर्वी घरमालकाला एक महिना थांबता येते. आपल्या मस्जिदीच्या बैतुलमालात अशा कुटुंबांसाठी वाटा आहे का, हे विचारता येते. आणि देताना आवाज खाली ठेवता येतो.

आपल्याजवळ दुसरी चादर नाही, असे मनात येईल तेव्हा त्या रात्रीचे मदीनेतील ते दांपत्य आठवा. अल्लाह आपली घरे लहान असली तरी आपली मने मोठी करो, बेघरांना घर आणि निराश झालेल्यांना आशा देवो, आणि आपल्याला त्या कामाचे निमित्त बनवो. आमीन.