कुमारी एस्थर हाउलंड

शुभेच्छापत्र हातीं पडतांच तें घडविणाऱ्या हातांचें स्मरण आपणांस क्वचितच होतें. अमेरिकेंतील वूस्टर गांवीं १८२८ सालीं जन्मलेल्या एस्थरबाईंच्या वडिलांचें लेखनसाहित्याचें दुकान होतें. एक विलायती व्हॅलेंटाईन-पत्र पाहून, याहून सुंदर पत्र आपण करूं, असें त्यांच्या मनानें घेतलें. जाळीदार कागदावर रंगीत फुलें चिकटवून त्यांनीं नमुने सिद्ध केले. २०० डॉलरांच्या मागणीची आशा होती. भाऊ ५००० हून अधिक डॉलरांची मागणी घेऊन परतला! मग मैत्रिणी जमवून, कामाची वांटणी करून, घरींच कारखाना सुरू झाला. पत्राच्या पाठीवर तांबड्या ‘एच्’ अक्षराचा ठसा असे. पुढें १८८१ च्या सुमारास वृद्ध पित्याच्या शुश्रूषेसाठीं त्यांनीं हा भरभराटीचा धंदा विकून टाकिला. १९०४ सालीं त्या निवर्तल्या. त्यांच्या उद्योगाहूनही ही पितृसेवा आम्हांस अधिक मोलाची वाटते.