बिल विल्सन आणि ते दुसरे औषध

माझे मामा दर रविवारी सायंकाळी तालुक्याच्या गावी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेला जातात. चार वर्षे झाली, ते दारूच्या थेंबाला शिवलेले नाहीत. तिथे आडनाव कुणी विचारीत नाही. या संस्थेचा एक संस्थापकही बिल डब्ल्यू. एवढ्याच नावाने वावरला. त्याचे पूर्ण नाव विल्यम ग्रिफिथ विल्सन. मामांमुळे मी त्याचे चरित्र वाचायला घेतले आणि एका प्रकरणापाशी अडखळलो.

बिल २६ नोव्हेंबर १८९५ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात जन्मला. आईवडील विभक्त झाल्याने आजोळी वाढला. पहिल्या महायुद्धात सैन्यात असताना दारू लागली. पुढे न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात पैसा मिळवला. तो १९२९ च्या पडझडीत आणि बाटलीत गेला. पत्नी लोइस दुकानात नोकरी करून घर चालवी. (इथे मला मामींचे शिवणयंत्र आठवले.)

११ डिसेंबर १९३४ रोजी तो टाउन्स रुग्णालयात चौथ्यांदा दाखल झाला. तिथल्या उपचारात बेलाडोना असे. ही वनस्पती आपल्या धोतऱ्याच्याच कुळातली. मात्रा वाढली की भास होतात. तिथेच त्याला खोली शुभ्र प्रकाशाने भरून गेल्याचा अनुभव आला. तो ईश्वराचा की बेलाडोनाचा, हा वाद मिटलेला नाही. त्यानंतर तो कधी प्यायला नाही, एवढे मात्र खरे. १९३५ मध्ये ॲक्रन येथे डॉ. बॉब स्मिथ या दुसऱ्या मद्यपीशी त्याची गाठ पडली आणि संस्था सुरू झाली.

दारू सुटली, पण मनाची खिन्नता सुटली नाही. १९४४ पासून सुमारे दहा वर्षे तो नैराश्याने ग्रासलेला होता. त्याच सुमारास कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात ऑस्मंड आणि हॉफर हे मनोविकारतज्ज्ञ मद्यपींना एल. एस. डी. देऊ लागले. कल्पना मोठी विचित्र होती. दारू एकाएकी थांबली की काहींना भयंकर भास होतात आणि त्या धास्तीने कुणी कुणी दारू कायमची सोडतात. मग तसे भास औषधानेच का घडवू नयेत? पण रुग्ण घाबरण्याऐवजी स्वतःकडे नव्या नजरेने पाहू लागले. बिलला हे आधी मुळीच रुचले नाही. मद्यपीला आणखी एक नशा द्यायची? अखेर २९ ऑगस्ट १९५६ रोजी लॉस एंजेलिस येथे डॉ. सिडनी कोहेन यांच्या देखरेखीखाली त्याने ते स्वतः घेतले, आणि त्याला रुग्णालयातला तो प्रकाश आठवला. देव न मानणाऱ्या मद्यपीलाही यातून वाट सापडेल, असे त्याला वाटू लागले. सहकारी हादरले. व्यसन सोडवणाराच असले द्रव्य घेतो, हे बाहेर पडले तर? त्यांची नाराजी पाहून त्याने प्रयोग थांबवले. त्याचे थांबणे मला पटते, आणि वाईटही वाटते.

तो २४ जानेवारी १९७१ रोजी मायामीत वारला, सिगारेटने पोखरलेल्या फुफ्फुसांनी. आदल्याच वर्षी अमेरिकेने नव्या कायद्यात एल. एस. डी. ला सर्वांत कडक यादीत घातले होते. २०१२ मध्ये नॉर्वेतील दोन संशोधकांनी त्या काळातले सहा प्रयोग, एकूण ५३६ रुग्ण, पुन्हा तपासले. एल. एस. डी. घेतलेल्यांपैकी ५९ टक्के सुधारले होते, इतरांपैकी ३८ टक्के. वर्षभरानंतर मात्र हा फरक टिकलेला दिसला नाही.

हे मी मामांना अजून सांगितलेले नाही. गेल्या रविवारी एस. टी. स्टँडवर विषय ओठांवर आला होता. तेवढ्यात गाडी लागली, आणि मामा नेहमीच्या खिडकीशी जाऊन बसले.