लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन

एखाद्या वृद्ध गृहस्थाचा हात विनाकारण कांपतो, पाऊल आखूड पडतें, पाठ पुढें वांकते, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. या रोगास आपल्याकडे कंपवात म्हणतात. त्याचें पहिलें सविस्तर वर्णन ज्यांनीं केलें, त्यांचें अल्प चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें व पालकांपुढें ठेवीत आहों.

जेम्स पार्किन्सन यांचा जन्म ता. ११ एप्रिल १७५५ रोजीं लंडनच्या हॉक्स्टन भागांत झाला. वडील तेथेंच वैद्यकी करीत. पुत्रानेंही तोच व्यवसाय पत्करिला. गोरगरिबांची बाजू घेऊन त्यांनीं टोपणनांवानें निबंध लिहिले, आणि १७९४ सालीं राजाच्या वधाच्या कथित कटाच्या चौकशींत त्यांस प्रिव्ही कौन्सिलपुढें साक्ष द्यावी लागली. पुढें प्राचीन जीवांच्या अश्मीभूत अवशेषांवर त्यांनीं तीन खंडांचा ग्रंथ रचिला.

१८१७ सालीं त्यांनीं कंपवातावर एक लहानसा निबंध छापिला. त्यांत अवघ्या सहा रोग्यांची हकीकत आहे. त्यांपैकीं कांहीं तर त्यांस रस्त्यांतच दिसले. ज्यांच्याजवळून लोक रोज निघून जात, त्यांची चाल पार्किन्सन यांनीं थांबून पाहिली. रोगाचें मूळ मानेजवळच्या मज्जारज्जूंत असावें, हा त्यांचा तर्क पुढें चुकीचा ठरला. परंतु तो केवळ तर्क आहे, हें त्यांनीं प्रांजळपणें कबूल केलें होतें. ता. २१ डिसेंबर १८२४ रोजीं ते वारले. पुढें शार्को या फ्रेंच वैद्यांनीं रोगास त्यांचें नांव दिलें.

मध्यमेंदूंत काळसर पेशींचा एक पुंजका असतो. या रोगांत त्या पेशी नाश पावतात, असें १९१९ सालीं ट्रेटियाकॉफ यांनीं दाखविलें. त्यांच्या तंतूंवाटे डोपामीन नांवाचें द्रव्य हालचालींस वळण लावणाऱ्या केंद्रास पोंचतें. रोग्यांच्या मेंदूंत तें फार उणें असतें, हें १९६० सालीं व्हिएन्ना येथें सिद्ध झालें. डोपामीन रक्तांतून मेंदूंत शिरत नाहीं. म्हणून ज्यापासून तें बनतें, तें लेवोडोपा देतात. आपल्या रानांतील खाजकुइलीच्या बियांतही हेंच द्रव्य असतें. औषधानें रोग समूळ जात नाहीं, तरी जखडलेला हात पुष्कळदां पुन्हां चालूं लागतो.

पार्किन्सन यांचें एकही विश्वसनीय चित्र उपलब्ध नाहीं. ज्यांनीं दुसऱ्यांस इतकें निरखून पाहिलें, त्यांचाच चेहरा जगास ठाऊक नाहीं. विद्यार्थ्यांनो, कांपत्या हातानें आजोबांचा चहा सांडला तर हसूं नका. क्षणभर थांबा, नीट पाहा, आणि पेला धरावयास हात पुढें करा. या चरित्रापासून आम्ही एवढाच बोध घेतों.