गुरुमाउली ख्रिस्त : नारायण वामन टिळकांचे जीवन आणि बायबलमधील ईश्वरप्रतिमा

मराठी वाचकाला नारायण वामन टिळक ठाऊक असतात ते फुलामुलांचे कवी म्हणून, बालकवी ठोमरे ह्यांना आपल्या घरी ठेवून घेणारे वडीलधारे म्हणून आणि त्याहूनही अधिक लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'तील त्या लहरी, उदार आणि संसाराच्या कामी जवळजवळ निरुपयोगी अशा पतीच्या रूपाने. महाराष्ट्राबाहेरील अभ्यासकाची तर आडनावामुळे अनेकदा लोकमान्यांशी गल्लत होते. मराठी भाषिक ख्रिस्ती मंडळ्यांत मात्र टिळकांचा परिचय निराळा आहे. 'उपासना-संगीत' ह्या स्तोत्रसंग्रहात त्यांची पदे मोठ्या संख्येने आहेत आणि ती पदे गाणाऱ्यांपैकी कित्येकांना कवीचे नावही माहीत नसते. माहीत असते ते एवढेच की, प्रार्थनेत ख्रिस्ताला 'माउली' म्हणावयाचे असते. हा शब्द त्यांना बायबलच्या भाषांतराने दिलेला नाही. तो टिळकांनी दिला. तो त्यांना कोठून मिळाला आणि त्यासाठी कोणते मोल द्यावे लागले, हे त्यांच्या चरित्राच्या आधारे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. त्यांचा स्वभाव तापट होता आणि मुलाशी त्यांचे कधी जुळले नाही. आई जानकीबाई ह्यांना भक्तिपर कवितेची आवड होती. नारायणाच्या कानावर पडलेली पहिली कविता आईच्या तोंडची. तो अकरा-बारा वर्षांचा असताना ती वारली. त्यानंतर लवकरच मुलाने घर सोडले आणि तो नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले ह्यांच्याकडे त्याचे संस्कृत अध्ययन झाले. इंग्रजी शिक्षण जेमतेम दोन-एक वर्षांचे. पुढे लग्न, अनेक नोकऱ्या, अनेक गावे, कीर्तने, प्रवचने, शीघ्रकाव्य असा एक अस्थिर कालखंड आहे. त्याचा तपशील 'स्मृतिचित्रे'त इतक्या रंगतदारपणे आला आहे की, येथे तो सांगण्याचे प्रयोजन नाही. नागपुरास अप्पासाहेब बुटी ह्यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले आणि 'ऋषी' नावाचे मासिक चालविले, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय प्रवाशाशी त्यांचे संभाषण झाले. त्याने त्यांना 'नवा करार' दिला आणि दोन वर्षांच्या आत ते ख्रिस्ती होतील असे भाकीत केले. पुस्तक वाचू लागल्यावर टिळक थांबले ते मत्तयाच्या शुभवर्तमानातील गिरिप्रवचनापाशी. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत एका भारतीय पाळकाच्या हातून त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ह्या निर्णयाची पूर्वकल्पना पत्नीला नव्हती. लक्ष्मीबाई त्या वेळी लहानग्या दत्तूला घेऊन माहेरच्या माणसांत होत्या. पुढची चार-साडेचार वर्षे पतिपत्नी वेगळी राहिली.

येथे थोडे थांबून एका साहित्यशास्त्रीय प्रश्नाकडे वळले पाहिजे. बायबल देवाविषयी बोलते ते मुख्यत्वे प्रतिमांच्या द्वारे. देव मेंढपाळ आहे, खडक आहे, राजा आहे, पिता आहे. ख्रिस्त द्राक्षवेल आहे, दार आहे, भाकर आहे. ह्या सर्व प्रतिमा पॅलेस्टाइनच्या मातीतल्या आहेत. त्या मराठीत आल्या तेव्हा सगळ्याच सारख्या जिवंत उतरल्या नाहीत. मेंढपाळ सहज उतरला. देशावरच्या माळरानावर धनगर आणि त्याची मेंढरे कोणी पाहिली नाहीत? द्राक्षवेल मात्र ज्वारी-बाजरीवर जगणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरची नव्हती. ती समजावून सांगावी लागे, आणि समजावून सांगावे लागणारे रूपक प्रार्थनेत फारसे उपयोगी पडत नाही. 'भाकर' हा शब्द योजणाऱ्या भाषांतरकारांचे मात्र कौतुक केले पाहिजे. यहुदी माणसाच्या ताटातील पदार्थ आणि नगर जिल्ह्यातील मजुराच्या फडक्यातील पदार्थ एकच नव्हेत. परंतु भूक एकच होती. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात मिशनच्या आश्रयाला आलेल्या मुलांना प्रभूच्या प्रार्थनेतील रोजच्या भाकरीची मागणी रूपक म्हणून शिकवावी लागली नसणार. ती त्यांची रोजची मागणीच होती.

ह्याच काळात बायबलमधील आणखी एक प्रतिमा टिळकांच्या घरात प्रत्यक्ष उतरली, असे मला वाटते. योहानाच्या शुभवर्तमानात जिवंत पाण्याचे रूपक येते ते एका विहिरीच्या काठी. यहुदी पुरुष शोमरोनी स्त्रीजवळ प्यायला पाणी मागतो आणि ती चकित होते, कारण त्या दोन समाजांत तसा व्यवहार नव्हता. पाश्चात्य प्रवचनकार हा प्रसंग आध्यात्मिक तहानेकडे चटकन नेतात. भारतीय वाचकाला मात्र आधी विहीर दिसते आणि कोणाच्या हातचे पाणी कोणाला चालते हा प्रश्न दिसतो. लक्ष्मीबाई पतीकडे नगरला परतल्या त्या आपले सोवळे सांभाळूनच. धर्मांतर त्यांना मान्य नव्हते. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. पुढे राहुरीला असताना, माणसामाणसांत जात निर्माण झाली कशी, ह्याचा विचार करता करता त्यांच्या मनातील ही गाठ सुटली आणि परजातीच्या हातचे पाणी त्यांनी घेतले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पाणी आधी आले, बाप्तिस्मा मागून. टिळकांनी त्यांच्यावर कोणतीही सक्ती केली नव्हती, ही गोष्ट त्यांच्या पक्षी नोंदविली पाहिजे.

बाप्तिस्म्यानंतरची पहिली काही वर्षे टिळकांची ख्रिस्ती भाषा बरीचशी मिशनच्या वळणाची होती. नगरला ते धर्मशिक्षणाच्या कामात होते. १९०४ साली त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. उपासनेत इंग्रजी चालींवर बसविलेली स्तोत्रे गाइली जात. चालीबरहुकूम शब्द ताणले जात, आणि ताणलेल्या शब्दांत भाव राहत नसे. हळूहळू टिळक ज्ञानेश्वर-नामदेव-तुकारामांकडे पुन्हा वळले. आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो ते तुकोबांच्या वाटेने, अशी त्यांची धारणा झाली आणि ती त्यांनी लपविली नाही. 'अभंगांजली'तील रचना ह्या परतीच्या प्रवासातील आहेत. १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले आणि ह्या अभंगांना नियमित वाचकवर्ग मिळाला.

'माउली' हा शब्द येथे येतो. वारकरी परंपरेत विठ्ठल हा पिता आहेच, पण त्याहून अधिक तो माय आहे. म्हणूनच तो विठाई. वासराची गाय, पिलांसाठी चारा आणावयास गेलेली पक्षिणी, नुसत्या दृष्टीने पिलांचे पोषण करणारी कासवी ह्या प्रतिमांनी संतकाव्य भरलेले आहे. टिळकांच्या ध्यानात असे आले की, ह्यांपैकी काही प्रतिमा बायबलातही आहेत. मात्र पुष्कळशा उपदेशकांनी त्या ओलांडून पुढे जाण्याची सवय लावून घेतलेली आहे. यशयाच्या ग्रंथात देवाच्या सांत्वनाला आईच्या सांत्वनाची जोड दिली आहे. तान्ह्या बाळाला आई एक वेळ विसरेल, पण देव विसरणार नाही, असा भाव तेथे आहे. स्तोत्रसंहितेत दूध तुटलेले मूल आईपाशी निवांत असते तसा भक्ताचा जीव निवांत झालेला आहे. आणि यरुशलेमेकडे पाहून येशू स्वतःला पिले पंखांखाली घेऊ पाहणाऱ्या कोंबडीच्या जागी कल्पितो. नामदेवाची पक्षिणी आणि मत्तयाची कोंबडी ह्यांत अंतर आहेच. एक चारा घेऊन परतते आणि दुसरीकडे पिले येतच नाहीत. तरीही दोन्हींची जात एक आहे.

परंतु टिळकांनी ह्या प्रतिमा नुसत्या उचलल्या नाहीत. आपल्या अलंकारशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर यशयाचे सांत्वन आणि मत्तयाची कोंबडी ह्या उपमा होत. तेथे 'जशी', 'तसा' हे वाचक शब्द आहेत आणि उपमान व उपमेय ह्यांत भेद शिल्लक आहे. टिळकांनी तो भेद काढून टाकला आणि उपमेचे रूपक केले. मग त्याही पुढे जाऊन त्यांनी रूपकाचे संबोधन केले. ख्रिस्त आईसारखा आहे असे ते सांगत नाहीत. ते ख्रिस्ताला आई म्हणून हाक मारतात. प्रवचनातील प्रतिमा आणि प्रार्थनेतील प्रतिमा ह्यांतील फरक हाच. प्रवचनात 'सारखा' चालतो, किंबहुना धर्मशास्त्रज्ञाला तो हवाच असतो. हाक मारताना तो म्हणता येत नाही.

शुभवर्तमानात शिष्य येशूला 'रब्बी' म्हणून संबोधतात, म्हणजे गुरूच म्हणतात. आई आणि गुरू एकवटून 'गुरुमाउली' करावयास मराठीत नवे काही घडवावे लागत नाही. ज्ञानेश्वरांना माउली म्हणणाऱ्या भाषेत ते आधीच घडलेले आहे. ह्यात टिळकांनी काही पाखंड केले असेही नव्हे. अकराव्या शतकात कँटरबरीच्या अँसेल्मने आणि चौदाव्या शतकात नॉर्विचच्या ज्यूलियनने येशूला आई म्हटले होते. पण त्यांचे शब्द मठांच्या भिंतींआड राहिले. टिळकांचा शब्द टाळ-मृदंगावर गावोगाव गेला, आणि तो गाणाऱ्यांत बहुसंख्य लोक असे होते की, ज्यांना देवळाच्या आत जाऊन विठाईला हाक मारण्याचा अधिकार हिंदू समाजाने दिला नव्हता.

अन्य भारतीय भाषांच्या अभ्यासकांना येथे तमिळमधील हे. अ. कृष्ण पिळ्ळै ह्यांची आठवण होईल. वैष्णव कुळात जन्मलेल्या ह्या कवीने 'रक्षण्य यात्रिकम्'मध्ये बन्यनची यात्रा तमिळ महाकाव्याच्या परंपरेत आणली. मराठीत त्याही आधी, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' प्रसिद्ध झाले होते. मात्र ही दोन्ही कथाकाव्ये होत. दैनंदिन प्रार्थनेत शिरलेला एक शब्द म्हणून पाहिले तर टिळकांची कामगिरी वेगळ्या प्रकारची आहे.

तिची एक बाजू मात्र चरित्रकाराने झाकून ठेवू नये. ज्या कवीने ख्रिस्ताच्या ठायी आई पाहिली, त्याच्या घरातील आईच्या वाट्याला काय आले? टिळक हातातील पैसा वाटून टाकीत, कोणाही निराश्रिताला घरी आणीत आणि त्यानंतरची चूल लक्ष्मीबाईंनी पेटवावयाची असे. दुष्काळातील मुलांना न्हाऊमाखू घालणे, आजाऱ्यांची उशागती, पाहुण्यांची पंगत हे सर्व त्यांच्या अंगावर पडे. पंखांखाली घेण्याचे रूपक टिळकांनी लिहिले. पंख बहुतांशी लक्ष्मीबाईंचे होते. माझ्या मते टिळकांच्या माउलीत करजगावला गमावलेली आई जितकी आहे तितकीच राहुरी-नगरची ही गृहिणीही आहे. कवीला तिची जाणीव किती होती, हे अभंगांवरून ठरविता येत नाही.

आयुष्याच्या अखेरीस टिळकांच्या मनात दुसरी एक प्रतिमा बळावली. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्यास गेले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' ह्या नावाने बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा एक बंधुसंघ सुरू केला. शुभवर्तमानातील 'देवाचे राज्य' ह्या कल्पनेला त्यांनी मराठ्यांच्या जुन्या राजधानीत दरबाराचे रूप दिले, हे सूचक आहे. पण हा दरबारही हुकमतीचा नव्हता. तेथे येणाऱ्याला आपला मूळ समाज सोडण्याची अट नव्हती. तो प्रयोग रुजण्याइतका अवधी मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहाचे दफन न करता दहन करण्यात आले आणि अस्थी नगरला नेण्यात आल्या.

मागे राहिले 'ख्रिस्तायन'. १९०९ मध्ये आरंभिलेल्या ह्या महाकाव्याचे सुरुवातीचे दहा-अकरा अध्यायच टिळकांच्या हातून पुरे झाले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आणि पतीकडूनच अक्षरे शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले आणि साठाहून अधिक अध्याय लिहिले. १९३६ साली त्या निवर्तल्या तेव्हा ग्रंथ छापून झालेला नव्हता. देवदत्तांनी शेवटचा अध्याय लिहून १९३८ मध्ये तो प्रसिद्ध केला.