नारायण मेघाजी लोखंडे : पगाराच्या तारखेचा आग्रह

रविवारची सुट्टी मिळवून देणारे नेते म्हणून रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांचे स्मरण होते. ते यथार्थच आहे. मात्र केलेल्या कामाचा पगार ठरावीक मुदतीत हाती पडावा, ही त्यांनी त्याच अर्जात केलेली मागणी आज फारशी कोणाला ठाऊक नसते.

लोखंडे यांचा जन्म १८४८ मध्ये ठाणे येथे झाला. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे. रेल्वे व टपाल खात्यांत नोकरी केल्यानंतर ते मुंबईत मांडवीच्या कापडगिरणीत भांडारपाल म्हणून लागले. तेथे कामगारांचे जीवन त्यांनी जवळून पाहिले. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांचे ते अनुयायी होते. १८८० पासून त्यांनी ‘दीनबंधु’ हे पत्र मुंबईतून चालविले.

त्या काळी गिरणीचा दिवस सूर्याबरोबर सुरू होई व त्याच्याबरोबरच संपे. १८८१ चा पहिला कारखाना कायदा प्रामुख्याने मुलांपुरता होता. प्रौढ कामगाराला तासांची मर्यादा नव्हती की हक्काची सुट्टी नव्हती. महिना उलटून गेला तरी पगार मिळेलच असे नसे. तोवर घर वाण्याच्या उधारीवर आणि सावकाराच्या कर्जावर चाले. त्यामुळे उशिरा मिळालेला पूर्ण पगारही व्याजापायी अपुराच ठरे.

१८८४ मध्ये सरकारने नेमलेल्या आयोगापुढे मांडण्यासाठी लोखंडे यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांच्या निवेदनात पाच मागण्या होत्या : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झाल्यास बरे होईपर्यंत पूर्ण पगार, तर कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची सोय. त्याच वर्षी त्यांनी ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’ स्थापन केली.

निर्णय लगेच झाला नाही. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन स्त्रियांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने सुट्टीला व दुपारच्या विश्रांतीला आधार दिला.

उरलेल्या मागण्या मान्य झालेल्या पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. मुंबईतील प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करीत असताना ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. अपघाताच्या भरपाईचा कायदा १९२३ मध्ये आला. पगाराची मुदत ठरविणारा व मनमानी कपातीला आळा घालणारा वेतन प्रदान कायदा १९३६ मध्ये, म्हणजे त्या निवेदनानंतर ५२ वर्षांनी झाला. २०१९ च्या वेतन संहितेत मासिक पगारासाठी पुढील महिन्याच्या ७ तारखेची मर्यादा आहे.

गोव्यातील वेर्णा असो वा भोपाळचे गोविंदपुरा, औद्योगिक वसाहतीत नव्याने रुजू होणारा कामगार बहुधा पगाराचा आकडा तेवढा विचारतो. तो कोणत्या तारखेला मिळणार, किती तासांच्या कामाबद्दल मिळणार आणि दुखापत झाल्यास काय, हे प्रश्न लोखंडे यांनी १८८४ मध्येच कागदावर मांडले होते. ते विचारण्यात संकोच वाटण्याचे आज तरी कारण नाही.