पीसी सुरू होत नाही? होमी भाभांनी आपली मशीन्स कशी सुरू केली ते बघा

सगळे पार्ट नवे, जोडणी व्हिडिओ बघून केलेली. बटण दाबलं की फॅन फिरतो, लाइट लागते, पण स्क्रीन काळी ती काळीच. घरी जुळवलेल्या पीसीचा हा नेहमीचा प्रॉब्लेम. पुण्या-मुंबईत असाल तर कॅबिनेट उचलून दुकानात नेता येतं. करमाळ्यात बसून पार्ट ऑनलाइन मागवले असतील तर रिटर्नची मुदत मोजकी असते आणि घरच्यांनी दिलेले पैसे मोठे असतात. मग माणूस घाबरतो, एकदम सगळं उपसून पुन्हा जोडतो. कधीकधी पीसी सुरूही होतो, पण बिघाड नेमका कुठे होता ते कळत नाही आणि महिन्याभराने तोच प्रॉब्लेम परत.

आजची गोष्ट आहे डॉ. होमी भाभा यांची. शाळेच्या पुस्तकात ते अणुशास्त्रज्ञ म्हणून भेटतात. पण भारतात बांधलेला पूर्ण आकाराचा पहिला डिजिटल कॉम्प्युटरसुद्धा त्यांच्याच संस्थेत, मुंबईत तयार झाला. तोही असेंबल्डच होता म्हणा, फक्त अठरा फूट लांब!

भाभांचा जन्म मुंबईत 30 ऑक्टोबर 1909 रोजी एका सुखवस्तू पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर भाभा वकील, आणि टाटा घराण्याशी जवळचं नातं. मुलाने इंजिनीअर होऊन टाटांच्या कारखान्यात जावं अशी घरच्यांची इच्छा. 1927 मध्ये ते केंब्रिजला मेकॅनिकल इंजिनीअरिंगसाठी गेले, पण तिथे मन लागलं ते गणित आणि भौतिकशास्त्रात. वडिलांनी अट घातली: आधी इंजिनीअरिंगला फर्स्ट क्लास आण, मग हवं ते शिक. 1930 मध्ये त्यांनी इंजिनीअरिंगचा फर्स्ट क्लास आणला, 1932 मध्ये गणिताचाही. पुढे विश्वकिरणांवर त्यांनी जे काम केलं त्यामुळे तिशीच्या आतच त्यांचं नाव युरोपात झालं. पण मला विचाराल तर बळजबरीने केलेलं ते इंजिनीअरिंग पुढच्या आयुष्यात कमी कामाला आलं नाही.

1939 मध्ये ते सुट्टीसाठी भारतात आले आणि दुसरं महायुद्ध पेटलं. परत जाता येईना. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी काम सुरू केलं, सी. व्ही. रामन तेव्हा तिथेच होते. 1944 मध्ये भाभांनी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनाची संस्था मागितली. 1945 मध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे टीआयएफआर, सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईत पेडर रोडवरच्या एका बंगल्यात आली. 1948 मध्ये अणुऊर्जा आयोग झाला, अध्यक्ष भाभाच. 1954 मध्ये तुर्भ्याचं केंद्र, जे आज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

सामान बाहेरून तयार आणायचं की इथे बनवायचं, हा प्रश्न त्या काळात रोजचा होता. परकीय चलन तुटपुंजं. भाभांचा कल स्पष्ट होता: इलेक्ट्रॉनिक्स आपल्या माणसांना हाताने बनवू द्या, बिघडेल तेव्हा दुरुस्तही तेच करतील. टीआयएफआरमध्ये त्यासाठी वेगळा विभाग उभा राहिला.

त्या विभागाचं काम 1956 मध्ये दिसलं. तुर्भ्याला ‘अप्सरा’ ही अणुभट्टी बांधली गेली. इंधन ब्रिटनमधून आलं, बाकी बांधणी आणि कंट्रोल सिस्टीम इथली. आता अणुभट्टी पहिल्यांदा सुरू कशी करतात ते बघा, कारण आपल्या कामाची गोष्ट इथेच आहे. सगळं इंधन एकदम भरून बटण दाबत नाहीत. थोडं इंधन ठेवायचं, न्यूट्रॉन किती वाढले ते मोजायचं, आलेख काढायचा, मग आणखी थोडं. प्रत्येक पायरीला थांबायचं. मोजमाप अंदाजाबाहेर गेलं तर पुढे जायचं नाही, कारण चूक झालीच असेल तर ती नुकत्याच टाकलेल्या पायरीत आहे. 4 ऑगस्ट 1956 रोजी अप्सरा सुरू झाली.

कॉम्प्युटरच्या बाबतीतही हेच झालं. 1954 मध्ये टीआयएफआरमध्ये एक छोटा गट कामाला लागला. प्रमुख होते अमेरिकेत शिकून आलेले आर. नरसिंहन. ते सोडले तर गटातल्या कुणी त्याआधी कॉम्प्युटर वापरलेलाही नव्हता. त्यांनी थेट मोठं मशीन बांधायला घेतलं नाही. आधी एक छोटं पायलट मशीन केलं, ते 1956 च्या अखेरीला चालू झालं. सर्किट चालतात का, मेमरी लिहिलेलं लक्षात ठेवते का, हे त्यावर तपासलं आणि मगच 1957 मध्ये मोठ्या मशीनला हात घातला. कुलाब्याच्या जुन्या बराकींमध्ये ते उभं राहिलं आणि 1960 मध्ये रीतसर कामाला लागलं. 1962 मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ नाव दिलं.

आकडे ऐका: सुमारे 2,700 व्हॅक्यूम ट्यूब, 1,700 डायोड, 12,500 रेझिस्टर. मेमरी 2,048 शब्दांची, प्रत्येक शब्द 40 बिटचा. म्हणजे हिशोब केला तर 10 केबी! तुमच्या फॅमिली ग्रुपवरचा गुड मॉर्निंगचा फोटो त्यात मावणार नाही.

ट्यूबची मशीन्स सुरू करणं हीच परीक्षा असायची. घरचा जुना पिवळा बल्ब बहुतेक वेळा बटण दाबतानाच जायचा, आठवतं? थंड तार एकदम तापते आणि तुटते. ट्यूबच्या आतही तशीच तार. अमेरिकेतल्या एनिॲकमध्ये सतरा हजारांवर ट्यूब होत्या आणि त्या तापताना-निवताना जास्त जायच्या, म्हणून ते मशीन शक्यतो बंदच करत नसत. अशा हजारो भागांतला एक गेला की पूर्ण मशीन गप्प. शोधायचं कसं? भागाभागाने. एक मॉड्यूल तपासायचं, ते ठीक निघालं की पुढचं.

आता तुमच्या काळ्या स्क्रीनकडे या. पद्धत तीच. मदरबोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढा आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, त्याचा कूलर, रॅमची एकच पट्टी आणि पॉवर सप्लाय, एवढंच जोडा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर ग्राफिक्स कार्डही. हार्ड डिस्क, एसएसडी, रंगीत लाइट सगळं बाजूला. असा पीसी सुरू झाला तर एकेक वस्तू लावत जा आणि प्रत्येक वेळी बंद करून, प्लग काढून. ज्या वस्तूनंतर तो अडेल तिथे चूक. कॅबिनेटमध्ये गेल्यावरच अडत असेल तर बोर्डाखाली एखादा स्टँडऑफ चुकीच्या जागी टेकून शॉर्ट होत असतो.

खोक्यावरही सुरू झाला नाही तर प्रोसेसरजवळची आठ पिनची पॉवर केबल बघा. मोठी चोवीस पिनची लावून ही विसरणारे खूप. रॅम ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा. एकच पट्टी असेल तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल कार्डला हवी, बोर्डाला नाही. प्रोसेसर बोर्डपेक्षा नवा असेल तर जुनं बायोस त्याला ओळखत नाही. बोर्डावर छोटे एरर लाइट असतील तर आधी तेच वाचा. आणि डीडीआर5 रॅम असेल तर पहिल्यांदा काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. बोर्ड मेमरीशी जुळवून घेत असतो. तेवढ्यात स्विच बंद करू नका.

टिफ्रॅक फार टिकला नाही. तो पूर्ण होईपर्यंत जगात ट्रान्झिस्टरची मशीन्स आली होती, आणि 1964 मध्ये टीआयएफआरमध्येच अमेरिकेचा सीडीसी 3600 आला. मग एवढा खटाटोप फुकट गेला असं काहीजण म्हणतील. मला ते पटत नाही. कॉम्प्युटर आतून उघडलेली माणसं त्यामुळे देशात तयार झाली होती. भाभांच्याच अध्यक्षतेखाली 1963 मध्ये इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली गेली आणि 1967 मध्ये हैदराबादला ईसीआयएल ही सरकारी कंपनी निघाली, जिने पुढे भारतीय कॉम्प्युटर विकले.

ते बघायला भाभा नव्हते. 24 जानेवारी 1966 रोजी व्हिएन्नाच्या बैठकीसाठी निघालेलं त्यांचं एअर इंडियाचं बोइंग 707 युरोपातल्या माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. 117 जण गेले. भाभा 56 वर्षांचे होते. यावर कटाची फॉरवर्ड तुमच्या फोनवर नक्की आली असतील. फ्रेंच चौकशीत जे निघालं ते असं: विमानाची जागा सांगणाऱ्या दोन रिसीव्हरपैकी एक बंद होता आणि वैमानिकाला ते माहीत होतं. त्याने आपली जागा चुकीची मोजली. जिनिव्हाच्या कंट्रोलरने ती दुरुस्त करून सांगितली, पण सांगण्यातले शब्द नेमके नव्हते. डोंगर मागे पडला असं समजून विमान खाली येत राहिलं. 1950 मध्ये एअर इंडियाचंच ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान याच पर्वतावर कोसळलं होतं.