गावांच्या नावांचे नोंदकार : सर विल्यम हंटर

भारतीय शिक्षणाच्या इतिहासात १८८२ च्या हंटर आयोगाचा उल्लेख हटकून येतो. महात्मा जोतीराव फुले यांनी याच आयोगापुढे निवेदन सादर करून बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. आयोगाचे अध्यक्ष सर विल्यम विल्सन हंटर यांचे दुसरे कार्य मात्र आपल्याला फारसे परिचित नाही. भारतातील गावांची नावे सरकारी दप्तरात इंग्रजीत कशी लिहावीत, याची शिस्त त्यांनी घालून दिली.

हंटर यांचा जन्म १५ जुलै १८४० रोजी स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे झाला. ग्लासगो, पॅरिस व बॉन येथे शिक्षण घेताना त्यांनी संस्कृतचाही अभ्यास केला. १८६२ मध्ये ते सनदी सेवेत येऊन बंगालमध्ये दाखल झाले. १८६९ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांनी सबंध देशाच्या सांख्यिकीय पाहणीची योजना आखण्याचे काम त्यांच्यावर सोपवले. त्यासाठी त्यांनी देशभर प्रवास केला.

या कामात नावांचा घोळ आडवा आला. इंग्रज अधिकारी कानाला भासेल तसे नाव लिहीत. त्यामुळे एकच गाव निरनिराळ्या कागदांत निरनिराळ्या रूपांत आढळे. नाव देशी लिपीत जसे लिहितात ते पाहावे आणि प्रत्येक अक्षरासाठी ठरलेले रोमन अक्षर वापरावे, असा नियम हंटर यांनी केला. मुंबई, कलकत्ता यांसारख्या शहरांची रूढ इंग्रजी रूपे मात्र तशीच ठेवली गेली. पाहणीतून १२८ खंड सिद्ध झाले आणि त्यांचे सार म्हणून १८८१ मध्ये ‘इंपीरियल गॅझेटियर ऑफ इंडिया’ नऊ खंडांत प्रसिद्ध झाले. १८८७ मध्ये हंटर निवृत्त झाले आणि ६ फेब्रुवारी १९०० रोजी ऑक्सफर्डजवळ त्यांचे निधन झाले.

ही पाहणी साम्राज्याच्या कारभारासाठी होती, हे विसरता येत नाही. तरीही लेखी नावाचे प्रमाण स्थानिक लिपीत शोधावे, हा विचार न्याय्य होता. भारताच्या सरकारी नकाशांवरील रोमन लेखनाचा आधार आजही हीच पद्धती आहे. तिची मर्यादाही आपण रोज पाहतो. ट आणि त, ण आणि न, ळ आणि ल यांतील भेद ती दाखवत नाही. स्वरांवरील दीर्घचिन्हेही व्यवहारात गळून गेली. म्हणून इंग्रजी पाटीवरचे सटाणा परक्याच्या तोंडी ‘सताना’ होते आणि धुळ्यातील ‘ळ’ हरवतो. १९९५ मध्ये मुंबईचे आणि २००१ मध्ये कोलकात्याचे इंग्रजी रूप अधिकृतपणे बदलले, तेव्हा सव्वाशे वर्षांपूर्वी बाजूला ठेवलेला प्रश्न त्या शहरांपुरता मिटला.

प्राथमिक शिक्षण देशी भाषांतून द्यावे, अशी शिफारस हंटर आयोगानेच केली होती. या दोन कार्यांतील नाते शाळेत स्पष्ट दिसते. सरकारी दप्तर नावाचे रूप ठरवील. पण त्याचा खरा उच्चार टिकतो तो ते नाव मातृभाषेत शुद्ध लिहिणाऱ्या मुलांमुळे. शाळेच्या दाखल नोंदवहीत जन्मगावाचा रकाना असतो. तो मराठीत अचूक भरला जाणे, हे आपल्या शाळेचे लहानसे, पण मोलाचे कर्तव्य आहे.